धूर दिसेल तिथं ये

नाना नवीन माणसाला नाव विचारत नसत. गाव, जात, नोकरी, काही म्हणजे काही नाही. समोर बसवायचे, चहाचा कप हातात द्यायचे आणि सरळ विचारायचे, "कुठपर्यंत गेला होतास?"

माणूस गडबडायचा. मग नाना खुलासा करायचे. भुसावळहून गाडी सुटली की पहिलं वरणगाव. म्हणजे लग्नाकार्यात, मित्रांच्या आग्रहाला बळी पडून, कधीमधी घेणारा. पुढे मुक्ताईनगर. म्हणजे रोज संध्याकाळी, पण जेवायच्या वेळी घरी हजर. त्यापुढे मलकापूर. म्हणजे सकाळी दात घासायच्या आधी. "मी मलकापूरच्याही पुढे गेलो होतो," असं नाना सांगत आणि सांगताना छाती अशी काही फुगवत की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथं यांचा सत्कार झाला असेल. "पुढे स्टॉपच नाही. कुठं चाललोय हे गाडीलाही माहीत नसतं."

नाना बसचे रिटायर कंडक्टर. जन्म धुळ्याकडच्या खेड्यातला, नोकरी सगळी आमच्या भुसावळच्या रस्त्यावर. सडपातळ, उंच, आणि बसच्या छताला डोकं लागू नये म्हणून सवयीनं मान जरा वाकलेली. ती मोकळ्या मैदानातही वाकलेलीच असायची. रागावले की अगदी छापील मराठी बोलत, "आपण कृपया खाली बसावे." प्रेमात आले की अहिराणी, 'आहे'चं 'शे' व्हायचं. त्यामुळे नानांनी शुद्ध बोलायला सुरुवात केली की आम्ही सगळे खुर्च्या सावरून बसायचो.

आम्ही म्हणजे दारू पिणारे. न पिणारे म्हणा हवं तर. एका शाळेमागच्या खोलीत दर रविवारी आम्ही जमतो, गोल बसतो आणि आपापलं सांगतो. ना डॉक्टर, ना साहेब, ना महाराज. ज्यानं प्यायली तोच बोलणार आणि ज्यानं प्यायली तोच ऐकणार. ही मंडळी नानांनी जमवली, पण ते स्वतःला अध्यक्ष वगैरे म्हणवून घ्यायचे नाहीत. खुर्ची दाराजवळ टाकायचे आणि येणाऱ्याला ओरडायचे, "दारात उभं राहू नका, आत जागा आहे, पुढे सरका!" आत चार माणसं असली तरी हेच.

हातात तिकिटाचा जुना पंच असायचा. तो त्यांनी कुठून पैदा केला देव जाणे. कुणी बोलता बोलता थापा मारायला लागला की पंच वाजायचा, टिक-टिक. "माझी इच्छाशक्ती पहिल्यापासून दांडगी." टिक-टिक. "बायको धड वागली असती तर मी हात लावला नसता." टिक-टिक-टिक! "पुढचा बोला." एकदा मी सांगत होतो की मालगाडी चालवणाऱ्याला किती ताण असतो, रात्ररात्र डोळे ताणून सिग्नल बघावे लागतात, म्हणून माणूस घेतो. सगळं खरं होतं हो! तरीही वाजला. मी चिडलो. नाना म्हणाले, "ताण खरा शे. 'म्हणून' खोटं शे."

'सोडली' हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. "सोडली म्हणू नको. आज गाडीत चढलो नाही, एवढंच म्हण. उद्याची गाडी उद्या येणार आहे आणि ती तुझ्या घरासमोरच थांबणार आहे."

खोलीवर पाटी नव्हती. लावली असती तर कोण आलं असतं? आमच्या गावात माणूस भर चौकातल्या बारमध्ये छाती काढून जातो, पण दारू नको म्हणून जायचं असेल तर मफलर गुंडाळतो. नाना दारातच मफलर ओढायचे. "बारमध्ये जाताना बांधला होता का? नाही ना? मग सोड." उन्हाळ्यात मात्र त्यांचं काही चालत नसे. भुसावळच्या उन्हात सगळं गावच तोंडाला रुमाल बांधून फिरतं, त्यामुळे आमची हजेरी एप्रिल-मेमध्ये एकदम वाढायची. बाहेरच्याला वाटेल उन्हामुळे लोकांना पश्चात्ताप होतो. पश्चात्ताप कसला, कुणी ओळखत नाही म्हणून येतात!

आमच्यातला एक सराफ घरी सांगायचा की मी योगासनांच्या वर्गाला जातो. बरेच महिने निभलं. मग एका रविवारी पाहुणे बसलेले असताना त्याची बायको कौतुकानं म्हणाली, "ह्यांना सगळी आसनं येतात. अहो, एखादं करून दाखवा ना." बिचाऱ्यानं सतरंजीवर शवासन केलं आणि पाहुणे जाईपर्यंत उठलाच नाही. हे त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा नाना इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "खोटं सांगून इथं आलास, चालंल. इथं येऊन खोटं नको सांगू." पुढच्या रविवारी सराफाची बायको स्वतः त्याला दारापर्यंत सोडायला आली. येताना सगळ्यांसाठी चिवडा घेऊन आली होती.

तलफेवर नानांचा एकच इलाज, केळं. आता केळी आमच्याकडे काय कमी! दाराशी फणीच टांगलेली असायची. "इच्छा झाली की केळं खा. पोट भरलं की निम्मी इच्छा मरते. उरलेल्या निम्मीसाठी दुसरं केळं." एका नव्या गड्यानं पहिल्याच दिवशी अख्खी फणी संपवली. नाना त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मलकापूर." आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. तो गडी आजही येतो आणि केळ्याकडे पाहतसुद्धा नाही.

एकदा एक पुढारी आले. हार, फोटोवाला, मागे चार पोरं. त्यांना आमच्याबरोबर फोटो काढायचा होता. नानांनी त्यांना अगदी आदरानं बसवलं, चहा दिला आणि छापील मराठीत म्हणाले, "आपले स्वागत आहे. आमच्या येथे फोटोआधी प्रत्येकजण एक गोष्ट सांगतो. आपण शेवटची कधी घेतली?" पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. मफलर बांधून आत लपून बसलेला एक मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसला, आणि हसताना मफलर सुटला तो त्यानं परत बांधला नाही.

हे सगळं मी पुढे पाहिलं. पण नाना मला खरे कळले ते पहिल्याच दिवशी, आणि त्या दिवशी मी त्यांच्या मीटिंगला धड पोचलोसुद्धा नव्हतो.

त्याचं असं झालं. गाडीवर चढायच्या आधी आम्हाला एका यंत्रात फुंकावं लागतं. आदल्या रात्रीची असली तरी यंत्र बोंबलतं. माझ्या वेळी बोंबललं. मला घरी बसवलं, चौकशी झाली, आणि साहेबांनी शेवटची संधी म्हणून सोमवारी सकाळी परत हजर व्हायला सांगितलं. "आता वाजलं तर कायमचं घरी बसायचं," असं स्वच्छ सांगितलं. मालगाडी चालवण्याशिवाय मला जगात काहीही येत नाही. साधा चहा करायला गेलो तर दूध उतू जातं. त्यामुळे तो रविवार कसाबसा कोरडा काढायचा, एवढंच माझ्यासमोर होतं. आणि मागच्या कित्येक वर्षांत माझा एकही रविवार कोरडा गेलेला नव्हता.

माझ्या बायकोनं नानांचा नंबर कुठून मिळवला हे तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही. तिनं नंबर लावून फोनच माझ्या कानाला चिकटवला. पलीकडून आवाज आला, "बोल भाऊ." मी म्हणालो, मला यायचंय. नाना म्हणाले, "उद्या रविवार शे. पण उद्या खोलीवर नको. थंडी पडली, आमची भरीत पार्टी शे. वरणगाव रोडला फाट्यावर उतर, नाल्याच्या कडेकडेनं चाल, धूर दिसेल तिथं ये." आणि फोन ठेवला.

खानदेशात राहणाऱ्यानं हे ऐकूनच कपाळाला हात लावला असता. हिवाळ्यातल्या रविवारी 'धूर दिसेल तिथं ये' हा काय पत्ता झाला? अहो, थंडीत आमच्याकडे शेतोशेत भरीत पार्टी असते! कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर ती भलीमोठी हिरवी वांगी काळी होईपर्यंत भाजायची, मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, वर तेलाची फोडणी, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. आणि भरताबरोबर दुसरं काय असतं हे मी सांगायला नको. भरीत हे निमित्त असतं हो! निम्म्या भुसावळची दारूची सुरुवात भरीत पार्टीतच झालेली आहे. म्हणून तर नाना मुद्दाम थंडीत कोरडी भरीत पार्टी करत. "भरीत काय दारूवाल्यांच्या मालकीचं शे का?" असं त्यांचं म्हणणं.

निघताना बायको म्हणाली, "यंत्राच्या आधी मी वास घेणार आहे, लक्षात ठेवा."

फाट्यावर उतरलो, नाल्याच्या कडेनं चालू लागलो आणि बघतो तर डावीकडे धूर, उजवीकडे धूर, समोर धूर. म्हटलं, आता झाली का पंचाईत! जो जवळ होता त्या धुराकडे गेलो. आंब्याच्या झाडाखाली सात-आठ माणसं, जाळ, वांगी. मी लांबूनच चाचरत विचारलं, "नानांनी बोलावलंय. इथंच ना?"

"इथंच! ये भाऊ, बस! नाना येतीलच!"

आता मला सांगा, खानदेशात कुठल्या पार्टीत नाना नसतो? दर दोन म्हाताऱ्यांमागे एक नाना. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मी निश्चिंत होऊन बसलो. कुणी पाणी दिलं, कुणी कांद्याची पात दिली, कुणी पाठीवर थाप मारली. सगळे एकमेकांची टर उडवत होते, एकजण गात होता. मी थक्कच झालो. दारू सोडलेली माणसं इतकी आनंदी असतात? मला वाटलं होतं, सुतकी चेहऱ्यानं बसलेली असतील. म्हटलं, वा रे वा, हे आधी माहीत असतं तर कधीच आलो असतो!

मग एकानं शेजारच्या पिंपातून, थंड पाण्यातून बाटल्या काढल्या.

माझी अक्कल कुठं गेली होती बघा. मला वाटलं, ही परीक्षा असणार! नवीन माणसासमोर बाटली ठेवून बघत असतील, हात लावतो की नाही. मी मनात म्हटलं, फार कडक मंडळी आहेत. मग त्यांनी ग्लास भरले आणि गटागट प्यायले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण भलत्याच शेतात आलो. तोपर्यंत एक ग्लास माझ्या हातात आलेला होता. काचेबाहेर गारव्याचे थेंब जमले होते.

खरं सांगतो, उठून जावं असं मला वाटलंच नाही. उलट मन वकिली करायला लागलं. मी काय मुद्दाम आलो का? मी तर मीटिंगलाच निघालो होतो. पत्ताच धड सांगितला नाही, यात माझा काय दोष? एवढ्याशानं यंत्राला काय कळतंय? सकाळी दोन तांबे पाणी प्यायलो की झालं. तोंडाला असं पाणी सुटलं होतं की गिळता गिळता घसा दुखला. बायको आठवली, साहेब आठवले, पण ते सगळे भुसावळात होते आणि ग्लास माझ्या हातात होता.

तेवढ्यात बांधावरून एक उंच म्हातारा आला. मान वाकलेली. हाक नाही, नमस्कार नाही, हळूहळू चालत आला आणि जाळापाशी उभा राहिला. यजमान दिलदार होता. "या काका, बसा, थंडी आहे," म्हणत त्यानं त्यांनाही ग्लास दिला. म्हाताऱ्यानं तो घेतला आणि नेमका माझ्यासमोर येऊन बसला. बसून ग्लासात बघत राहिला.

मला तेवढाच शेवटचा आधार दिसला. हेच या पार्टीचे नाना असतील, निदान आपल्या नानांचं शेत तरी विचारावं. मी म्हणालो, "काका, मी एका नानांना शोधतोय. रिटायर कंडक्टर. ते दारू नको म्हणणाऱ्यांची मीटिंग घेतात म्हणे. त्यांचं शेत कुठलं?"

म्हाताऱ्यानं ग्लासातून नजर काढली. मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. विचारलं, "तुला कशाला पाहिजे तो?"

"उद्या सकाळी यंत्रात फुंकायचंय. वाजलं तर नोकरी जाईल. मला एकट्यानं जमत नाहीये."

म्हाताऱ्यानं आपला ग्लास खाली ठेवला. जपून, कडेला, लवंडू नये असा. मग माझ्या हातातला घेतला आणि त्याच्या शेजारी ठेवला. यजमानाला हात जोडले. मला म्हणाला, "चल. मी दाखवतो."

दोघं बांधावरून चालू लागलो. आवाजावरून मी ओळखलं, हेच नाना. माझा आनंद काय सांगू! मनात म्हटलं, काय बिलंदर माणूस आहे. मला शोधत आला, संशय येऊ नये म्हणून ग्लासही घेतला, समोर बसला, आणि मीच तोंडानं कबूल करीपर्यंत थांबला! मी रस्ताभर त्यांचं कौतुक करत होतो. "नाना, तुम्हाला कसं कळलं हो मी तिथं अडकलोय ते?" नाना पुढे बघून चालत राहिले. मला वाटलं, थोर माणसं अशीच असतात, कौतुक आवडत नाही. त्यांचे पाय ढेकळांत अडखळत होते. मी हात धरला तर तो गार होता.

दुसऱ्या शेतात आमची खरी मंडळी बसलेली होती. वांगी भाजून झाली होती आणि भरताचा नुसता घमघमाट. एकजण ओरडला, "नाना, काड्या आणायला गेला होतात ना? काड्या कुठं?" नाना रिकाम्या हातानं पुढे गेले. आपल्या जागेवर बसले. सगळे गोल झाले.

आमच्याकडे एक रीत आहे. सुरुवातीला विचारतात, "आज पहिल्यांदा कोण आलंय?" मग नव्यानं हात वर करायचा. बोलायची सक्ती नाही, नुसता हात. हा प्रश्न नेहमी नानाच विचारायचे. त्यांनी विचारला. मी भीतभीत हात वर केला, कोपरापर्यंतच. आणि बघतो तर माझ्या शेजारी नानांचा हात वर. अगदी सरळ, पूर्ण.

सगळे हसले. नाना गंमत करताहेत असं वाटलं सगळ्यांना. मीपण हसलो.

"हसू नका," नाना म्हणाले. "मी ह्याला शोधायला नव्हतो गेलो. काड्या आणायला गेलो, तिकडून वास आला आणि पाय वळले. इतकी वर्षं झाली. आज घरी भांडण नव्हतं, दुखणं नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता वास आला. मी ग्लास हातात घेतला होता. ओठापर्यंत न्यायचाच राहिला होता, तेवढ्यात ह्यानं मला माझाच पत्ता विचारला."

एकानं जाळात काडी सारली.

"आता प्रवाशानं विचारलं तर कंडक्टरला सांगावंच लागतं ना?" नाना म्हणाले आणि हसायला गेले, पण हसू फुटलं नाही. हात तसाच वर होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं की मीही माझा हात कोपरातून सोडवून पूर्ण वर केला. दोघं तसेच बसलो. मग सराफानं उठून आम्हा दोघांना एकाच ताटात भरीत वाढलं आणि म्हणाला, "नवीन माणसांनी आधी जेवायचं." भरीत जहाल झालं होतं. डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरलं.

संध्याकाळी बायकोनं दारातच वास घेतला. लसणाचा आला. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हटलं, अगं, आत तरी येऊ दे!

सोमवारी सकाळी यंत्रासमोर उभा राहिलो. फुंकलं. यंत्र काही बोललं नाही. समोरचा म्हणाला, "जा, गाडी लागलीय."

बाहेर आलो आणि पहिला फोन नानांना लावला. नंतर मला कळलं की नाना रोज सकाळी एकेकाला फोन करून 'बरा आहेस ना' एवढं विचारतात आणि ठेवून देतात. त्यांना उलटं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला घाईघाईत म्हणालो, "नाना, नाही वाजलं! मी बरा आहे. तुम्ही बरे आहात ना?"

पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग नाकातला, ओला आवाज आला.

"शे रे भाऊ. आज मी बी बरा शे."